‘केबल ट्रबल’ची पाटी आणि एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राचा परवाना

अमेरिकेतील दूरचित्रवाणीबद्दल वाचताना एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्यावी लागते. एनबीसी, सीबीएस, एबीसी ही नावे आपण वाहिन्यांची नावे म्हणून ऐकतो. प्रत्यक्षात या कंपन्या कार्यक्रम तयार करून देशभर पुरवतात आणि त्यांना तिथे ‘नेटवर्क’ म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या मालकीची केंद्रे न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा मोजक्या मोठ्या शहरांत असतात. बाकीच्या शहरांत प्रसारणाचा मनोरा, स्टुडिओ आणि परवाना दुसऱ्याच कोणाच्या तरी मालकीचा असतो. कधी एखाद्या वृत्तपत्राच्या, कधी विमा कंपनीच्या, कधी अनेक शहरांत केंद्रे असलेल्या मोठ्या कंपनीच्या. हा स्थानिक मालक एखाद्या नेटवर्कशी करार करतो, त्याचे कार्यक्रम आपल्या मनोऱ्यावरून दाखवतो आणि स्थानिक बातम्या, हवामान, जाहिराती स्वतःच्या घालतो. अशा केंद्राला संलग्न केंद्र म्हणतात. पीटीआयच्या बातम्या घेऊनही आपले पान स्वतः लावणाऱ्या जिल्हा दैनिकाशी त्याचे बरेच साम्य आहे.

या व्यवस्थेत केंद्राच्या हातात एक मोठा अधिकार असतो. नेटवर्ककडून आलेला कोणताही कार्यक्रम आपल्या प्रेक्षकांसाठी योग्य नाही असे त्याला वाटले, तर तो न दाखवण्याची मुभा त्याला असते. ही मुभा केवळ कराराने आलेली नाही. नेटवर्कच्या ताकदीपुढे स्थानिक केंद्रांना स्वतःचे मत उरणार नाही, या भीतीपोटी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने 1941 मध्ये रेडिओसाठी नियम केले आणि पुढे ते दूरचित्रवाणीलाही लागू झाले. नकार देण्याचा हक्क केंद्राने स्वतःकडेच राखला पाहिजे, असे हे नियम सांगतात. कल्पना चांगली होती: गावाला काय हवे ते गावातल्या माणसाने ठरवावे. पण गावातला तो माणूस निम्म्या गावाला मोजतच नसेल तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन येथील डब्ल्यूएलबीटी हे केंद्र.

डब्ल्यूएलबीटी 1953 मध्ये चॅनेल 3 वर सुरू झाले आणि ते एनबीसीशी संलग्न होते. अमेरिकेत नव्या दूरचित्रवाणी केंद्रांना परवाने देणे 1948 ते 1952 या काळात थांबवण्यात आले होते, कारण कोणत्या शहराला कोणते चॅनेल द्यायचे याचा मेळ लागत नव्हता. ती बंदी उठताच देशभर जी केंद्रे उभी राहिली, त्यांतलेच हे एक. मालक होती लामार लाइफ ही जॅक्सनची विमा कंपनी, जी 1929 पासून डब्ल्यूजेडीएक्स हे रेडिओ केंद्रही चालवत होती. शहरातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र, डब्ल्यूजेटीव्ही, सीबीएसचे कार्यक्रम दाखवत असे. म्हणजे जॅक्सनच्या माणसाला जग पाहण्यासाठी दोनच खिडक्या होत्या, आणि त्यांपैकी एक लामार लाइफच्या हाती होती. केंद्राच्या प्रसारणाच्या टापूत जवळजवळ 45 टक्के लोक कृष्णवर्णीय होते.

त्या काळच्या मिसिसिपीत शाळा, बसमधल्या जागा, उपाहारगृहे, ग्रंथालये, सारे काही गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळे होते. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये सार्वजनिक शाळांतील हे विभाजन घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ते टिकवण्यासाठी गोऱ्या प्रतिष्ठितांनी गावोगावी ‘सिटिझन्स कौन्सिल’ नावाच्या संघटना उभ्या केल्या. डब्ल्यूएलबीटीचे व्यवस्थापक फ्रेड बेअर्ड त्या संघटनेचे सदस्य होते आणि संघटनेची भूमिका मांडणारा कार्यक्रम याच केंद्रावरून प्रसारित होई.

1955 मध्ये पहिली मोठी तक्रार झाली. एनबीसीवर वर्णसंबंधांविषयीचा एक कार्यक्रम सुरू होता आणि त्यात थर्गुड मार्शल बोलत होते. शाळांतील विभाजनाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकलेले हे वकील पुढे 1967 मध्ये त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. जॅक्सनच्या पडद्यावर मात्र ते बोलताना दिसलेच नाहीत. चित्र तुटले आणि त्या जागी एक पाटी आली: ‘सॉरी, केबल ट्रबल’.

ही पाटी इतकी सोयीची का होती, हे समजायला त्या काळचे तंत्र पाहावे लागते. उपग्रह अजून आलेले नव्हते. न्यूयॉर्कहून निघालेला कार्यक्रम टेलिफोन कंपनीच्या जाड तारांतून आणि सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांच्या साखळीतून हजारो किलोमीटरचा प्रवास करून स्थानिक केंद्राच्या नियंत्रण कक्षात पोहोचे. वाटेत कुठे ना कुठे बिघाड होत असेच, त्यामुळे प्रत्येक केंद्राकडे दिलगिरीची पाटी तयार ठेवलेली असे. नियंत्रण कक्षातील माणसाने एक बटण दाबले की नेटवर्कचे चित्र जाऊन पाटी लागे आणि घरात बसलेल्या प्रेक्षकाला खरा बिघाड कोणता आणि मुद्दाम केलेला कोणता हे कळायला काहीच मार्ग नसे. सेन्सॉरचा शिक्का निदान दिसतो. ही पाटी तोडणाऱ्याचा हातच लपवते, आणि मला तिच्यातला खरा अन्याय तोच वाटतो.

पुढची काही वर्षे तक्रारी साचत गेल्या. 1957 मध्ये केंद्राने वर्णविभाजन टिकवावे असे सांगणारा कार्यक्रम दाखवला आणि दुसरी बाजू मांडण्यासाठी मागितलेला वेळ नाकारला. त्या काळी अमेरिकेत ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचे तत्त्व लागू होते. वादाच्या सार्वजनिक प्रश्नांवर केंद्राने चर्चा घडवावी आणि विरोधी मतालाही रास्त संधी द्यावी, अशी आयोगाने 1949 मध्ये घातलेली ती अट होती. नियम होता, पण तो पाळला जातो की नाही हे तपासण्याची आयोगाची तयारी फारशी दिसत नव्हती. 1962 मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश देण्यावरून दंगल उसळली, त्यात दोन माणसे मारली गेली, आणि त्या तापलेल्या दिवसांत या केंद्राने त्याच्या प्रवेशाला विरोध करणारी मतेच प्रेक्षकांपुढे ठेवली. त्याच वर्षी रेव्हरंड आर. एल. टी. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, निवडणुकीला उभे होते. पैसे मोजायची तयारी असूनही त्यांना प्रचारासाठी वेळ मिळेना. वॉशिंग्टनपर्यंत तक्रार गेल्यावर मग तो मिळाला.

20 मे 1963 या दिवसाची नोंद मात्र निराळी आहे. जॅक्सनचे महापौर ॲलन थॉम्पसन यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून आंदोलकांना बाहेरचे चिथावणीखोर ठरवले होते. मेडगर एव्हर्स हे नागरी हक्क चळवळीचे मिसिसिपीतील कार्यकर्ते. त्यांनी उत्तर देण्यासाठी तितकाच वेळ मागितला, आयोगाकडे धाव घेतली आणि त्या संध्याकाळी ते डब्ल्यूएलबीटीच्या पडद्यावर आले. सुमारे 17 मिनिटांच्या त्या भाषणात त्यांनी दूरचित्रवाणीचाच दाखला दिला. डेल्टामधल्या मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरालाही आता रेडिओ आणि दूरचित्रवाणीमुळे जगात काय चालले आहे ते कळते, तीन वाजता पोलिसांच्या कुत्र्याने घेतलेला चावा त्याला सहाच्या बातम्यांत दिसतो, असे ते म्हणाले. कृष्णवर्णीय माणूस या केंद्रावरून आपल्याच शहराशी इतका वेळ, इतक्या शांतपणे आणि स्वतःच्या शब्दांत बोलतो, हे तिथल्या लोकांसाठी नवे होते. त्या भाषणाने एव्हर्स यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. तीन आठवड्यांनी, 12 जून 1963 रोजी मध्यरात्र उलटल्यावर, त्यांच्याच घराच्या दारात त्यांना गोळी घालण्यात आली.

इथून पुढे कथा परवान्याच्या नूतनीकरणाकडे वळते, आणि तो भाग रुक्ष वाटला तरी सगळे वळण त्यातच आहे. 1934 च्या कायद्यानुसार प्रसारणाच्या लहरी कोणाच्या मालकीच्या नाहीत. सरकार एखाद्याला ठरावीक मुदतीसाठी त्या वापरायला देते, आणि त्या वापरातून लोकहित साधले पाहिजे अशी अट असते. त्या काळी ही मुदत 3 वर्षांची होती. मुदत संपली की केंद्राने अर्ज करायचा आणि आयोगाने तपासून पुन्हा परवाना द्यायचा. व्यवहारात हे नूतनीकरण बहुधा आपोआप होई. याचे कारण असे, की अर्जाला हरकत घेण्याचा हक्क फक्त दोन प्रकारच्या लोकांना होता: ज्यांच्या प्रसारणात या केंद्राच्या लहरींमुळे अडथळा येतो त्यांना, किंवा ज्यांचे आर्थिक नुकसान होते त्यांना. म्हणजे शेजारचे केंद्र हरकत घेऊ शकत होते. पण रोज संध्याकाळी संचासमोर बसणारा प्रेक्षक, ज्याच्या हितासाठी हा सगळा कायदा केला असे म्हटले जाते, तो पक्षकारच होऊ शकत नव्हता.

न्यूयॉर्कमधील युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या धर्मसंस्थेच्या संपर्क विभागाचे प्रमुख रेव्हरंड एव्हरेट पार्कर यांनी ही अडचण ओळखली. केंद्रावर नुसते आरोप करून भागणार नाही, पुरावा हवा, आणि तोही मोजलेला, हे त्यांना कळले. त्यांनी जॅक्सनमधल्याच काही गोऱ्या नागरिकांना तयार केले आणि 1 ते 7 मार्च 1964 असा पूर्ण आठवडा शहरातील दोन्ही केंद्रांचे प्रसारण सकाळपासून रात्रीपर्यंत पाहून नोंदवून घेतले. या स्वयंसेवकांची नावे गुप्त ठेवण्यात आली, कारण त्या शहरात त्या वर्षी असे काम करताना पकडले जाणे म्हणजे नोकरीवर आणि जिवावर बेतण्यासारखे होते. दिवसभर संचासमोर बसून कोणत्या कार्यक्रमात कोण दिसले, किती वेळ दिसले, कोणाविषयी काय बोलले गेले, हे लिहीत राहण्याचे ते काम कंटाळवाणे होते. पण त्यातून जे हाती आले त्याला ‘ही तुमची समजूत आहे’ असे उत्तर देणे अवघड होते. निम्म्याच्या जवळपास लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही स्थानिक कार्यक्रमांत ती माणसे जवळजवळ नव्हती. नावांच्या बाबतीतही भेद होता: गोऱ्यांच्या नावाआधी ‘मिस्टर’, ‘मिसेस’ लावले जाई, कृष्णवर्णीयांच्या नावाआधी नाही.

एप्रिल 1964 मध्ये ही संस्था, ॲरन हेन्री आणि आर. एल. टी. स्मिथ यांनी मिळून नूतनीकरणाला हरकत घेणारा अर्ज केला. हेन्री हे मिसिसिपीतील औषधविक्रेते आणि चळवळीचे अनुभवी नेते होते. 1965 मध्ये आयोगाने अर्जदारांना पक्षकार मानायला नकार दिला. आरोप गंभीर असल्याचे मान्य करूनही सुनावणी न घेता केंद्राला एक वर्षाची मुदतवाढ दिली आणि वागणूक सुधारा असे बजावले. अध्यक्ष विल्यम हेन्री आणि सदस्य केनेथ कॉक्स यांनी या निर्णयाला विरोध नोंदवला.

अर्जदार वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेले. 25 मार्च 1966 रोजी न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांनी दिलेला निकाल आजही प्रसारण कायद्याच्या अभ्यासात पहिल्या काही पानांवर असतो. बर्गर हे परंपरावादी वळणाचे न्यायाधीश होते, म्हणून त्यांचा युक्तिवाद अधिक वजनदार ठरतो. लोकहित आम्हीच पाहतो, प्रेक्षकांनी वेगळे येण्याची गरज नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की अनुभव तसा नाही. ज्यांच्यासाठी प्रसारण होते त्या श्रोत्यांच्या आणि प्रेक्षकांच्या जबाबदार प्रतिनिधींना सुनावणीत उभे राहता आले पाहिजे. वृत्तपत्र मालकाच्या लहरीप्रमाणे चालू शकते, पण प्रसारण केंद्राला तसे चालता येत नाही, कारण सार्वजनिक मालमत्तेचा मर्यादित आणि मौल्यवान तुकडा त्याला फुकट व एकट्याला वापरायला मिळालेला असतो, हे त्या निकालातील सूत्र आहे.

लहरी सार्वजनिक आहेत हा विचार आपल्याकडे न्यायालयातून स्पष्टपणे आला तो बराच नंतर, 9 फेब्रुवारी 1995 रोजी. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रसारणहक्कावरून केंद्र सरकार आणि बंगालच्या क्रिकेट संघटनेत चाललेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झालेले हेच ते महाराष्ट्रातील न्यायमूर्ती. त्या निकालपत्रात अमेरिकेतील प्रसारणविषयक कायद्याचीही चर्चा आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे प्रश्न सरकारच्या मक्तेदारीचा होता आणि जॅक्सनमध्ये खासगी परवानाधारकाच्या मनमानीचा.

सुनावणी तर मिळाली. पण ती जॅक्सनमध्ये 1967 मध्ये ज्या पद्धतीने झाली, ते वाचून मन खट्टू होते. आयोगाच्या तपासणी अधिकाऱ्याने पुराव्याचा भार प्रेक्षकांच्या प्रतिनिधींवर टाकला आणि त्यांना घुसखोरांसारखे वागवले. 1968 मध्ये आयोगाने बहुमताने केंद्राला पूर्ण 3 वर्षांचा परवाना बहाल केला; कॉक्स पुन्हा विरोधात होते आणि या वेळी निकोलस जॉन्सन हे सदस्यही त्यांच्या बाजूने होते. प्रकरण परत त्याच न्यायालयात, त्याच बर्गर यांच्यापुढे आले. 20 जून 1969 रोजी त्यांनी आयोगाच्या कारभारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, सुनावणीची नोंद दुरुस्तीपलीकडे गेली आहे असे ठरवले आणि परवानाच रद्द केला. नव्याने अर्ज मागवावेत. लामार लाइफलाही हवा असल्यास अर्ज करता येईल, असे न्यायालयाने सांगितले. हे लिहून काही दिवसांतच बर्गर अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले.

परवाना गेला म्हणून पडदा काळा झाला नाही, आणि इथे व्यवस्था कशी लावली हे लक्ष देण्यासारखे आहे. कायमचा मालक ठरेपर्यंत केंद्र कोणी चालवायचे, तर 1971 मध्ये कम्युनिकेशन्स इम्प्रूव्हमेंट या ना-नफा संस्थेकडे ते सोपवण्यात आले. एनबीसीशी असलेली संलग्नता तशीच राहिली. 1972 मध्ये बॉस्टनहून आलेले विल्यम डिल्डे महाव्यवस्थापक झाले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील व्यावसायिक दूरचित्रवाणी केंद्राची सूत्रे हाती घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. बातम्यांच्या मेजावर, कॅमेऱ्यामागे, जाहिरात विभागात कृष्णवर्णीय माणसे दिसू लागली. यामुळे गोरे प्रेक्षक आणि जाहिरातदार निघून जातील असे भाकीत करणारे चुकले. केंद्राचे वार्तांकन नावाजले गेले आणि मिसिसिपीतील राजकारणावरच्या मालिकेसाठी त्याला 1976 सालचा पीबडी पुरस्कार मिळाला.

कायमच्या परवान्याचा वाद त्यानंतरही बराच चालला. अनेक अर्जदार होते आणि आयोगाची तौलनिक सुनावणी ही संथ प्रक्रिया आहे. 1980 च्या सुमारास टीव्ही-3 या स्थानिक कंपनीकडे केंद्र गेले, आणि तिच्या अध्यक्षपदी होते ॲरन हेन्री, ज्यांनी 1964 मध्ये हरकत घेतली होती तेच. त्यानंतरचा मालकीचा इतिहास अमेरिकेतल्या बहुतेक स्थानिक केंद्रांसारखाच आहे. अंतर्गत मतभेदांतून 1984 मध्ये डिल्डे यांना जावे लागले आणि ते शहरातल्याच प्रतिस्पर्धी डब्ल्यूजेटीव्हीचे व्यवस्थापक झाले. फ्रँक मेल्टन यांच्या सिव्हिक कम्युनिकेशन्सकडे केंद्र आले; मेल्टन पुढे जॅक्सनचे महापौर झाले. 2000 मध्ये लिबर्टी, 2006 मध्ये रेकॉम आणि 2019 मध्ये ग्रे अशा उत्तरोत्तर मोठ्या कंपन्यांच्या हाती ते गेले. मधल्या काळात, ऑक्टोबर 1997 मध्ये, दुरुस्ती चालू असताना केंद्राचा सुमारे 600 मीटर उंचीचा मनोरा कोसळला आणि त्यावर काम करणारे तिघे दगावले.

स्थानिक मालकी जाऊन दूरच्या कंपनीची मालकी येणे, याकडे मी चिंतेने पाहतो. पण जॅक्सनचा अनुभव असेही दाखवतो की मालक गावातला असणे ही आपोआप चांगली गोष्ट नसते. लामार लाइफ पूर्णपणे स्थानिक होती. केंद्र सुधारले ते मालक जवळचा की लांबचा यामुळे नव्हे, तर त्याला प्रेक्षकांसमोर उत्तर द्यावे लागले यामुळे.

ही उत्तरदायित्वाची तरतूद आज कितपत उरली आहे? 1966 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या अनेक शहरांत नागरिकांच्या गटांनी केंद्रांच्या नूतनीकरणाला हरकती घेतल्या. पुष्कळदा प्रकरण निकालापर्यंत जाण्याआधीच केंद्रांनी कर्मचारी भरतीबाबत आणि कार्यक्रमांबाबत लेखी आश्वासने देऊन तडजोड केली. 1987 मध्ये आयोगाने फेअरनेस डॉक्ट्रिन सोडून दिले, त्यामुळे दुसरी बाजू मांडण्याची ती जुनी सक्ती गेली. परवान्याची मुदत आधी 5 आणि मग 1996 च्या कायद्याने 8 वर्षांपर्यंत वाढली, म्हणजे प्रेक्षकाला प्रश्न विचारण्याची संधी पूर्वीपेक्षा खूपच विरळ येते. तरीही नूतनीकरणाच्या वेळी हरकत घेण्याचा हक्क कायम आहे, आणि प्रत्येक केंद्राला आपल्या कामकाजाची कागदपत्रे लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागतात. आता ती आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, आणि डब्ल्यूएलबीटीचीही तिथे आहेत.